बहिणीच्या पत्त्यावर

नेलिदानं धाकट्या बहिणीला इटलीत, तूरिनला बोलावून घेतलं, ते निव्वळ मायेपोटी. निदान तिची स्वतःची तशी खात्री होती. तिकडे पेरूमध्ये, तार्माच्या बाजारात रोसेंदा केळीच्या पानात गुंडाळलेले मक्याचे तामाल विकत होती. तिचा नवरा खाणीवर कामाला म्हणून गेला, तो तिथंच दुसरं घर करून बसला. आणि म्हातारी आई फोनवर रोज एकच दळण दळायची, "तू एवढी इटालियन झालीस, नेली. मग बहिणीसाठी काही करता येत नाही का तुला?"

इटालियन होणं नेलिदाला सुखासुखी जमलेलं नव्हतं. ती आली त्या काळात पेरूच्या गरीब बाईला व्हिसाच्या खिडकीवर कुणी उभंही करत नसे. फ्रान्समधल्या नीसहून भाजीच्या ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांआड बसून तिनं सरहद्द ओलांडली होती. त्यानंतर आठ वर्षं एका सिन्योराच्या, म्हणजे मालकीणबाईच्या, घरी ती राबली. ती सिन्योरा तिचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवायची, "हरवेल गं तुझ्याकडून" म्हणायची, आणि रविवारी दुपारी बाहेर सोडायची. पुढे दारिओ भेटला. ट्रॅमच्या कारखान्यातला मिस्त्री, विधुर, भला माणूस. त्याच्याशी लग्न झालं, मग नागरिकत्व मिळालं. पहिल्यांदा हातात आलेला इटालियन पासपोर्ट नेलिदा आठवडाभर उशाशी घेऊन झोपली होती.

आणि सगळं बरं चाललेलं असताना दारिओला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जिभेवर चार-दोन शब्द उरले. नेलिदा पहाटे कचेऱ्या झाडायला जायची, परत आली की त्याला उठवायची, धुवायची, भरवायची. तिची कंबर पार कामातून गेली होती. आईला तिनं सांगितलं, "पाठव रोसीला. आता आपल्या लोकांना फिरायला यायला व्हिसा लागत नाही. पुढचं मी बघते."

पुढचं तसं अवघड नव्हतं. इटालियन नागरिकाची सख्खी बहीण त्याच्याच घरात राहत असेल, तर तिला देशाबाहेर घालवता येत नाही, राहण्याचा परवाना द्यावा लागतो. दोघींचं छप्पर मात्र एक हवं.

नेलिदानं दोघींचे जन्मदाखले मागवले, त्यांवर शिक्के घेतले, भाषांतरं करून घेतली. पोलिसांच्या कचेरीत खिडकीवर ती ताठ मानेनं उभी राहिली.

"नातं?" आतल्या माणसानं विचारलं.

"सख्खी बहीण. माझ्याच घरी राहते." तिनं आपला पासपोर्ट असा काही पुढे सरकवला, की मागची माणसं माना उंचावून बघू लागली.

"काय म्हणाला गं तो?" बाहेर आल्यावर रोसेंदानं विचारलं. तिला अजून इटालियनचा गंध नव्हता.

"म्हणाला, नशीबवान आहे तुझी बहीण."

"असं म्हणाला?"

"नाही. पण म्हणायला हवं होतं." आणि दोघी रस्त्यात उभ्या राहून खळखळून हसल्या.

मग एके सकाळी नगरपालिकेचे पोलीस घर बघायला आले. रोसेंदाची खाट, चपला, खिडकीत वाळत घातलेला तिचा झगा, सगळं त्यांनी पाहिलं. शेजारच्या सिन्योरा ब्रुनाला विचारलं. "इथंच असते ती!" ब्रुना म्हणाली. "काय त्या मिरच्या भाजते, आमच्या घरापर्यंत ठसका येतो." पोलीस कॉफी पिऊन गेले, आणि काही महिन्यांनी परवाना आला. नेलिदानं तो रोसेंदाला डोळे भरून बघू दिला आणि आपल्या कपाटाच्या खणात ठेवून दिला.

"माझ्याकडे नको का?" रोसेंदा म्हणाली.

"हरवशील. तू घरातच तर असतेस. तुला कुठं लागणार आहे?"

ते मात्र खरं होतं. रोसेंदा घरातच असायची. दारिओला उठवणं, अंघोळ, जेवण, त्याची चादर, त्याची औषधं, सगळं आता तिच्याकडे आलं होतं. नेलिदानं दुपारचंही एक काम धरलं. दारिओचा रोसेंदावर जीव जडला. तिचं मोडकंतोडकं इटालियन ऐकून तो अर्ध्या तोंडानं हसायचा, आणि स्वतःला येणाऱ्या चार शब्दांत त्यानं पाचवा मिळवला, "रोसी." आईला पैसे मात्र नेलिदा पाठवायची, दोघींच्या नावानं. रोसेंदाला हातखर्चाला ती देत असे. कमीही देत नसे, पण मागितल्यावर देत असे, आणि देताना विचारत असे, "कशाला?"

घरी कुणी आलं की नेलिदा बहिणीसमोरच सांगायची, "मी होते म्हणून. नाहीतर बसली असती तिकडे तामाल वाफवत." रोसेंदा मान खाली घालून कॉफीचे कप उचलायची. चर्चमधल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, बहीण असावी तर अशी.

दुसरं वर्ष सरत आलं आणि रोसेंदाला काम चालून आलं. सिन्योरा ओत्ताविया, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पाय अधू, बोलणं शहाण्यासारखं. त्यांना घरात राहून सोबत करणारी बाई हवी होती. रीतसर करार, महिन्याचा पगार, स्वतंत्र खोली.

रोसेंदानं भांडी घासता घासता, पाठ न वळवताच सांगितलं.

"राहून?" नेलिदा म्हणाली. "आणि दारिओचं कोण बघणार?"

"रविवारी येईन ना. शिवाय बुधवारी दुपारी. पत्ता इथलाच ठेवते. सगळ्या बायका असंच करतात, नेली. खाटही राहू दे माझी."

"म्हणजे छप्पर माझं आणि चाकरी दुसऱ्याची?"

रोसेंदानं हात पुसले. "त्या मला 'तुम्ही' म्हणतात," ती हळूच म्हणाली. "पाणी मागतात, ते 'कृपा करून' म्हणून मागतात. तू मला शेवटचं कधी काही मागितलंस? तू सांगतेस."

"मी बहीण आहे तुझी! बहिणीला काय कृपा करून म्हणायचं?"

"माझा परवाना दे."

"खणातच आहे. खाऊन टाकलेला नाही."

"तुझी ती सिन्योरासुद्धा तुझा पासपोर्ट कपाटात ठेवायची. रडत सांगायचीस फोनवर. आई आणि मी तिकडे तुझ्यासाठी मेणबत्त्या लावायचो."

नेलिदाच्या कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती आत गेली आणि तिनं परवाना आणून ओट्यावर आपटला. "घे. जा. एवढं सगळं करून मी तुझ्यासाठी सिन्योराच झाले ना? जा मग."

रोसेंदा गेली, पण म्हटल्याप्रमाणे रविवारी आली, बुधवारीही आली. येताना कोंबडी, कोथिंबीर, कुठून कुठून शोधून आणलेल्या पिवळ्या मिरच्या आणायची, दारिओला सूप करून भरवायची. नेलिदा तेवढा वेळ बाजारात जाऊन बसायची. बहिणींचं बोलणं मिठामिरचीपुरतं उरलं. तिकडे रोसेंदा स्वतःच्या पगारातून आईला पैसे धाडू लागली. आईच्या घराला नवे पत्रे पडले. फोनवर आई म्हणाली, "रोसीनं पत्रे घातले गं! पावसाचा थेंब येत नाही आता." वीस वर्षं नेलिदा पैसे पाठवत आली होती. त्या पैशांचं धान्य झालं, औषधं झाली. त्यातलं डोळ्यांना दिसेल असं काही उरलं नव्हतं.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज रोसेंदानं केला तेव्हा नेलिदानं सही दिली. तोंड फिरवून दिली, पण दिली.

त्यानंतरची एक सोमवारची सकाळ. कामावरून येऊन नेलिदा दारिओला खुर्चीत बसवत होती, तोच तिच्या कमरेत अशी कळ उठली की हात सुटला आणि दारिओ जमिनीवर कोसळला. लागलं फारसं नाही, पण देहानं भारी माणूस, तिच्याच्यानं हलेना. ब्रुना मुलीकडे गेली होती. नेलिदानं रोसेंदाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दारिओची विजार ओली झाली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. नेलिदा त्याच्याशेजारी फरशीवर बसली, फोन कानाला लावून, आणि प्रत्येक घंटेबरोबर तिचा राग चढत गेला. हिला आणलं कुणी? हिला माणसात बसवलं कुणी? आणि आज गरजेला ही तिकडे कुणाला कृपा करून पाणी देतेय?

दाराची घंटी वाजली. बाहेर नगरपालिकेचे दोन पोलीस होते, एक प्रौढ माणूस आणि एक तरुण बाई.

"आधी आत या," नेलिदा म्हणाली. "माझ्या नवऱ्याला उचला."

दोघांनी टोप्या काढून ठेवल्या आणि दारिओला अलगद उचलून खाटेवर घेतलं. पोलीसबाईनं त्याला पांघरूण घातलं, पाणी पाजलं. मग खिशातून परवान्याच्या अर्जाचं टिपण काढत संकोचानं म्हणाली, "सिन्योरा, माफ करा, अशा वेळी विचारतेय. तुमची बहीण रोसेंदा... इथं राहते ना?"

ती कामावर गेलीय, एवढं म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. खाट तिथं होती, झगा खुंटीला होता. प्रौढ पोलिसाचा एक पाय तर जिन्याकडे वळलाही होता.

"नाही," नेलिदा म्हणाली. "गेली ती. सात महिने झाले. दुसरीकडे राहते."

"रो... रोसी," खाटेवरून आवाज आला. दारिओनं डावा हात वर केला होता. तो हात तो जोरजोरात हलवत होता, मान हलवत होता, तोंड वेडंवाकडं करत शब्द शोधत होता. "रोसी. रोसी. इथं."

पोलीसबाईनं नेलिदाकडे पाहिलं.

"सवय आहे त्याला तिच्या नावाची," नेलिदा म्हणाली. "आजारी माणूस. त्याला कुठलं कळतंय."

पोलीसबाईनं ते लिहून घेतलं.

ते जाऊन थोडा वेळ होतो न होतो, तोच रोसेंदाचा फोन आला. सिन्योरांना दवाखान्यात नेलं होतं, फोन पिशवीत राहिला होता, आता पाहिला. "काय झालं? दारिओ बरा आहे ना? मी निघाले." टॅक्सी करून आली. जन्मात पहिल्यांदाच तिनं टॅक्सी केली असावी. आली ती थेट दारिओकडे गेली. त्याचे कपडे बदलले, पाठ चोळली, सूप टाकलं. मग नेलिदाला पालथं झोपायला लावून तिच्याही कमरेला कढत तेल लावलं.

"आठवड्यातून दोन रात्री येऊन राहते मी," तेल चोळता चोळता ती म्हणाली. "सिन्योरांशी बोलते. त्या नाही म्हणणार नाहीत. तुझा हट्टीपणा असू दे, पण कंबर तर एकच आहे ना तुला."

नेलिदानं तोंड उशीत खुपसलं होतं. आत्ता सांगावं, उठावं, त्या कचेरीत जावं, म्हणावं, रागात बोलले, चूक झाली. बहिणीचे तळवे पाठीवरून फिरत राहिले आणि तिनं सांगितलं नाही. पलीकडे दारिओ छताकडे बघत होता. नेलिदा जवळ गेली की तो डोळे मिटून घेई.

नकार आला तो कारणासकट आला. नागरिकाबरोबर एकत्र वास्तव्य आढळले नाही, परवाना देता येत नाही, देश सोडावा. सिन्योरा ओत्तावियांच्या मुलानं हात जोडले, "बिनपरवान्याच्या बाईला कामावर ठेवलं, तर आमच्यावर गुन्हा दाखल होतो." म्हातारी बाई रडल्या म्हणे. रोसेंदा वकिलाकडे जाऊन आली आणि मग बहिणीच्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"जे खरं होतं ते."

रोसेंदानं मान डोलावली, जणू तिला तेवढंच ऐकायचं होतं.

"हे बघ," नेलिदा घाईनं म्हणाली, "काही बिघडलेलं नाही. मीही विचारून आले. तू इथं परत राहायला ये, मी पुन्हा लिहून देते, नव्यानं अर्ज करू. खोली तशीच ठेवलीय तुझी. मिळेल परवाना."

"आणि दारिओचं मी करायचं."

"करशीलच ना? परका आहे का तो तुला?"

"दारिओचं मी कधीही केलं असतं, नेली." रोसेंदाचा आवाज चढला नाही. "फुकट केलं असतं. तू नुसतं म्हणायचं होतंस."

"आता म्हणते ना!"

"आता तू म्हणत नाहीस. आता तू भाव सांगतेस."

ती आत गेली ती फक्त दारिओला भेटायला. त्यानं तिचं मनगट धरलं ते सोडेना, एकेक बोट उलगडावं लागलं. झगा खुंटीवर तसाच टाकून ती निघून गेली. नेलिदा स्वयंपाकघरात उभी होती. जिन्यावरची पावलं थांबतील असं तिला शेवटच्या पायरीपर्यंत वाटत होतं.

महिन्याभरानं रोसेंदा विमानात बसली. तिकीट तिचं तिनं काढलं.

आता दारिओसाठी एक रुमानियन बाई येते, तासावर पैसे घेते, तास भरला की हातातलं काम टाकून उठते. दारिओ तिच्याशी बोलत नाही. नेलिदाशीही नाही. चर्चमध्ये कुणी विचारलं तर नेलिदा म्हणते, "हवा मानवली नाही तिला इकडची. मी काय कमी केलं होतं?" बायका मान डोलावतात.

रविवारी ती तार्माला फोन लावते, आईचा चेहरा बघत बोलते. आईच्या मागं स्वयंपाकघर दिसतं, वाफ दिसते, तामाल बांधणारे हात दिसतात. "दे ना तिच्याकडे," नेलिदा म्हणते. आई मागं वळून हाक मारते, "रोसी, नेलीचा फोन!"

"हात ओले आहेत म्हणावं," आतून आवाज येतो.

आई पुन्हा फोनकडे वळते. "हात ओले आहेत तिचे," सांगते, आणि विचारते, "तिकडे थंडी पडली का गं?"