परत गुंडाळलेली फिल्म

माझ्या हातून आयुष्यात एकच सिनेमा निघाला, आणि तो पाहायची वेळ आली तेव्हा भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. चुकले सगळेच असतील. पण आपली चूक पंधरा माणसांना बसवून, दिवे मालवून, स्वतःच्या हाताने दाखवणारा मी एकटाच असेन.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी भिवपुरीच्या वीजघरात वायरमन होतो आणि गुप्ते आमचे इंजिनियर साहेब. त्यांनी मुंबईहून चावीवर चालणारा सिनेमाचा छोटा कॅमेरा आणला होता. मार्गशीर्षात त्यांच्या नलूला पाच वर्षं पुरी होणार होती. साहेबांना स्वतःलाही चित्रात यायचं होतं, तेव्हा कॅमेरा धरायला दुसरं कुणी हवं होतं. माझा हात कापत नाही म्हणून त्यांनी मला निवडलं आणि आठवडाभर रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकवलं. मी असा फुगलो की क्वार्टर्समधल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

शनिवारी साहेबांनी फिल्म भरली. त्या दिवसांत फिल्म मिळत नव्हती, ही एकच होती. सोमवारी वाढदिवस. तोवर कॅमेरा तुझ्या कपाटात कुलपात ठेव, हात लावू नकोस, एवढंच त्यांनी बजावलं. आणि रविवारी तोच कॅमेरा पिशवीत घालून मी खालापूरकडे, आमच्या गावी गेलो.

का गेलो, तर गावात माझा चुलतभाऊ पोपट मला ‘दिवे पुसनारा’ म्हणायचा. मी साहेबांचा उजवा हात आहे हे त्याला दाखवायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

खळ्यावर भाताची झोडणी संपत आली होती. माझी आई, सोनाबाई, वाऱ्याकडे तोंड करून सुपाने भात वारवत होती. मी कॅमेरा काढला तशी माणसं भोवती जमली. पोपट म्हणाला, डबी रिकामी असेल, हा नुसताच डोळा लावून बसलाय. मला राग आला. मी चावी भरली आणि आईकडे कॅमेरा रोखला.

आई म्हणाली, “दुसऱ्याची वस्तू हाय ती. नको रं, मालोजी.”

ती लाजतेय असं मी सगळ्यांना हसत हसत सांगितलं आणि बटण दाबलं. एक चावी संपली, पोपटाला कॅमेऱ्याची कुरकुर ऐकवायला दुसरी भरली. तीही संपली. मग कुठे माझं लक्ष कॅमेऱ्यावरच्या काट्याकडे गेलं. किती फिल्म उरली ते तो दाखवतो, आणि तो चांगलाच खाली आला होता.

खोपोलीच्या गाडीने कर्जतला येईपर्यंत मी दहादा पिशवी उघडून तो काटा पाहिला. मग कर्जत फलाटावर मला अक्कल सुचली. आमच्या कामात भेंडोळ्यातून वायर जास्त ओढली गेली तर आम्ही ती परत गुंडाळून ठेवतो, कुणाला पत्ता लागत नाही. फिल्म म्हणजे तरी काय, भेंडोळंच. परत गुंडाळायची. जुन्या चित्रावर नवं उमटलं की पाटीवरच्या अक्षरासारखं जुनं जाईल, असं मला खरंच वाटलं. उजेड लागू द्यायचा नाही हे माहीत होतं, म्हणून खोलीचं दार लावून, घोंगडी डोक्यावरून घेऊन, घाम पुसत, नुसत्या बोटांनी मी ती सगळी मागे फिरवली. काटा आधी होता तिथे आणला. इतकं नाजूक काम मी नंतर कधी केलं नाही. तेव्हा त्याचा अभिमानसुद्धा वाटला, हे सांगायला आज लाज वाटते.

सोमवारी सगळं झकास झालं. साहेबांच्या आई पेणहून मुद्दाम आल्या होत्या. नलूला पाटावर बसवून त्यांनी पाच निरांजनांनी ओवाळलं, आणि मी सुरुवात त्याच्यापासूनच केली. ओवाळून झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून मलाही एक लाडू दाखवला. मग मुलं, फुगे, गुडघ्यावर नलूला घेतलेले साहेब. फिल्म संपली आणि मुंबईला धुवायला गेली.

संक्रांतीच्या आठवड्यात साहेबांच्या आई वारल्या. हृदयाने दगा दिला. घरात त्यांचा एकच फोटो होता, जुना, स्टुडिओतला, डोळे वटारलेला. साहेब मला म्हणाले, आई हसायची कशी ते आता तुझ्या फिल्मवरच बघायचं. रोज ते टपाल विचारायचे. मी मान डोलवायचो. मला काय माहीत?

माघात फिल्म आली. त्याच सुमारास आई नव्या भाताचे पोहे घेऊन माझ्याकडे राहायला आली होती. गुप्ते बाईसाहेबांनी तिलाही बोलावलं. दिवेलागणीला बंगल्याच्या बैठकीत पांढरी चादर टांगली, पुढे घरची माणसं, मागे आम्ही. चित्र दाखवायचं यंत्र माझ्याच हाती होतं. मी ते सुरू केलं.

नलू पाटावर दिसली. साहेबांच्या आईंनी तबक उचललं. आणि त्यांच्या तोंडावरूनच एक सूप वर आलं. सुपातून कोंडा उडाला, तो निरांजनांवर, नलूच्या केसांवर, म्हातारीच्या हसण्यावर पडत राहिला. दोन्ही चित्रं एकमेकांतून आरपार दिसत होती. कुठेही बघावं तर आजीचा चेहरा धड सापडेना. नलू मोठ्याने म्हणाली, “आजी कुठाय?”

मी घाईने यंत्र थांबवलं. साहेबांनी तिला जवळ घेतलं. मग म्हणाले, धुणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाची फिल्म यात मिसळलेली दिसते. उद्या त्यांना पत्र लिहितो, कुणाची तरी नोकरी घालवल्याशिवाय राहायचा नाही.

“होय साहेब,” मी म्हणालो. “घोळ त्यांचाच. ही माणसं कोण, काय ठाऊक.”

माझ्या मागे दोन हातांवर आई बसली होती. ती उठली. पदर सावरून पुढे गेली आणि बाईसाहेबांसमोर हात जोडून उभी राहिली.

“ती मीच हाय, बाय. मीच हट्ट धरला, माजं चित्र काढ म्हनून. पोरगा नाय नाय म्हनत व्हता. त्याला बोल लावू नका.”

तिने जन्मात कसला हट्ट धरला नव्हता. मी एक शब्द बोलायला हवा होता. बोललो नाही. उलट सुटलो असं वाटून माझा श्वास मोकळा झाला.

साहेब वळून म्हणाले, “मालोजी, पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावलं. या वेळी कुणी नलूकडे पाहिलं नाही, सगळे चित्रातल्या माझ्या आईकडे बघत होते. चादरीवर आईने सूप खाली ठेवलं. कॅमेऱ्याकडे पाहून मान हलवली. तळहात पुढे करून नको, नको म्हणाली. मी थांबत नाही हे पाहून पदराने तोंड झाकलं आणि पाठ फिरवली, आणि तेवढ्यात चावी संपली. दुसऱ्या चावीत नुसती तिची पाठ होती. आवाज नव्हता, पण तिथल्या लहान मुलालाही कळलं असतं. आई जोडलेले हात तसेच ठेवून, मान खाली घालून स्वतःचं खोटं बघत उभी होती.

साहेब ओरडले नाहीत. “बंद कर,” म्हणाले, आणि आईसाठी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती. तिने मला बोल लावला नाही. फक्त दाराशी थांबून म्हणाली, “त्या माउलीचं त्वांड झाकलं रं माज्या कोंड्यानं.”

माझी नोकरी राहिली. साहेबांनी कॅमेरा पुन्हा माझ्या हाती दिला नाही, इतकंच. पुढे त्यांची बदली झाली आणि ती फिल्म त्यांच्याबरोबर गेली. दोन वर्षांनी आई गेली. तिचा फोटो आम्ही कधी काढला नव्हता. नलूताईंचा पत्ता माझ्याकडे आहे. दर वर्षी कार्ड लिहायला बसतो, एकदा बघायला मिळेल का म्हणून, आणि नाव घालून थांबतो. आईचं जगात एकच चित्र आहे, आणि त्यात ती मला नको म्हणते आहे. ते मागायचं कुठल्या तोंडाने?