आत्याची चादर

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात बाळ्याची तीस वर्षं गेली होती. आता तो तिथला मुकादम होता आणि हाताखालची माणसं पाठीमागे त्याला 'इस्त्री' म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं. चादर हातात आली की रोगी कुशीवर झोपतो की पाठीवर, रात्रीत किती वेळा उठतो, हे तो बसल्या जागी सांगायचा. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, चादर बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

आत्याचं खोटंही चादरीनंच पकडलं. आईबाप गेल्यावर लहानग्या बाळ्याला तिनेच वाढवलं होतं. चाळीस वर्षं शाळेत शिकवून ती निवृत्त झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही; वर्तमानपत्रसुद्धा ती लाल पेन घेऊन वाचायची. पलंगावर वाचता वाचता पेन उघडं टाकून झोपून जायची, आणि दर रविवारी चादरीवरचा लाल शाईचा डाग काढताना बाळ्या कुरकुरायचा. एका रविवारी डाग नव्हता. पुढच्या रविवारीही नव्हता. तिसऱ्या रविवारी चादर जशी अंथरली तशीच हाती आली.

"आत्या, तू झोपतेस कुठे?"

"झोपायला माझ्याकडे काय चार महाल आहेत?"

"चादर वेगळंच सांगतेय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. महिन्याभरात आत्या दोनदा पडली होती, एकदा न्हाणीघराच्या दारात आणि एकदा पलंगावरून उतरताना. बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती. पलंगाची अशी धास्ती घेतली होती की खुर्चीत बसूनच रात्र काढायची. बाळ्या सकाळी सहाला निघायचा तो संध्याकाळी सातला परतायचा, आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. त्याने लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर आत्या म्हणायची, "मुलगी बघायला गेला की हा त्यांच्या घरचे पडदेच बघत बसायचा."

तोडगाही तिनेच काढला. "माझ्यापायी नोकरी सोडायची नाही. दिवसभर तू मागे लागण्यापेक्षा मी पडलेली बरी. एखादा चांगला वृद्धनिवास बघ. अट एकच. जिथे तुला स्वतःला झोपावंसं वाटेल, तिथेच मला ठेव."

बाळ्याला वाटलं, जिने आपल्याला कधी परक्याच्या दारात ठेवलं नाही, तिला आपण परक्याच्या दारात ठेवायचं, आणि तेही चुकलं तर?

रजा काढून दोघं हिंडू लागली. पहिल्या ठिकाणी कपाटाला कुबट वास होता. दुसऱ्या ठिकाणी उशा पिवळ्या पडल्या होत्या. तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणाबद्दल बाळ्या बोलायलाही तयार नव्हता. "अशानं तू मला इस्त्रीच्या टेबलावर ठेवशील," आत्या म्हणाली.

पाचव्या ठिकाणी मात्र त्याचं भान हरपलं. दुपारचे तीन वाजले होते. खोल्याखोल्यांतून बगळ्याच्या पंखासारख्या पांढऱ्या चादरी, कोपरे काटकोनात दुमडलेले, डाग म्हणून औषधाला नाही. तो तळवा फिरवत एका पलंगावरून दुसऱ्या पलंगाकडे गेला. दिवाणखान्यात म्हातारी माणसं भांग पाडून, स्वच्छ कपडे घालून खुर्च्यांत ओळीने बसली होती. व्यवस्थापकाने अर्ज पुढे केला. बाळ्याने तो भरला. फक्त सोमवारी येऊन सही करायची राहिली.

"आवडलं ना?" परतताना बसमध्ये त्याने विचारलं.

"छान आहे."

हा आवाज बाळ्याच्या ओळखीचा होता. एखाद्या पोराने घोडा काढायचा म्हणून कुत्रा काढला, की आत्या याच आवाजात 'छान आहे' म्हणायची. तो आपल्या तळव्याकडे बघत बसला. चादरीवर फिरवताना तळव्याला काय लागलं होतं? घडीच्या रेषा. उभ्या, आडव्या, करकरीत. सकाळी अंथरलेल्या चादरीवर दुपारी तीनलाही घडीच्या रेषा होत्या, म्हणजे सकाळपासून त्यांना कुणाची पाठ लागली नव्हती. जेवणानंतर घटकाभर आडवं व्हायची मुभाच तिथे कुणाला नव्हती. चादरीची घडी मोडू नये म्हणून माणसं खुर्च्यांत मांडून ठेवली होती. साऱ्या जगाच्या चादरी वाचणाऱ्याच्या दिव्याखाली असा अंधार.

"तुला खुर्चीतून उठवून मी पुन्हा खुर्चीतच नेऊन बसवत होतो," तो म्हणाला.

"तुझ्या कधी लक्षात येतंय तेच बघत होते."

"आणि आलं नसतं तर?"

"नापास केलं असतं. तुझी काय भीड आहे मला?"

पण मांडीवरच्या पिशवीचा बंद तिने घट्ट धरला होता. लक्षात आलं नसतं तर ती मुकाट्याने गेली असती आणि त्याला दर रविवारी 'छान आहे' म्हणून सांगत राहिली असती, हे बाळ्याला कळलं. सोमवारी तो सही करायला गेलाच नाही.

सहाव्या ठिकाणी त्याने आत्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि स्वतः थेट मागच्या अंगणात गेला. दोरीवर चादरी वाळत होत्या. धुतलेल्या होत्या, वासही स्वच्छ होता, पण डाग किती. हा चहाचा, हा नखांना लावायच्या रंगाचा, हा औषधी तेलाचा, आणि हा नक्कीच जांभळाच्या मुरंब्याचा. सवयीने त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे डाग निघतात, बाई," तो धुलाईवालीला म्हणाला.

"निघतात की." ती पिळा मारायचं थांबली नाही. "त्यासाठी पावडर जास्त मारावी लागते. मग कापड खरखरीत होतं आणि आजोबांची पाठ सोलते. तुम्हीच सांगा भाऊ, चादर झोपायला असते का बघायला?"

तीस वर्षांत बाळ्याला त्याच्या धंद्यात कुणी गप्प केलं नव्हतं. त्याने चादरीचं टोक गालाला लावून बघितलं. मऊ होतं, जुन्या सदऱ्यासारखं. मग त्याने सगळ्या चादरी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. इथे पलंगावर बसून चहा पितात. दुपारी लोळतात. कुणीतरी चोरून मुरंबा खातं. रात्री पाठीला तेल लावायला कुणीतरी येतं. तो उगाचच हसला.

आत गेला तर आत्या खुर्चीत नव्हती. दोन्ही बाजूंना हाताला आधार असलेल्या एका बुटक्या पलंगावर ती पाय पसरून बसली होती. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीशी गप्पा रंगल्या होत्या आणि आत्याच्या हातातल्या कपातला चहा निम्मा चादरीवर सांडला होता. बाळ्याला बघताच ती चपापली.

"सांडला रे."

बाळ्याचे हात पाण्यासाठी शिवशिवले. त्याने ते खिशात घातले. "सांडू दे," तो म्हणाला. "पाय जमिनीला टेकतात का तुझे?"

"टेकतात. पूर्ण टेकतात," आत्या म्हणाली, आणि टेकवून दाखवले.

पुढच्या आठवड्यात ती राहायला गेली. त्यानंतरचा रविवार बाळ्याला जड गेला. घरी धुवायला आत्याची चादर नव्हती. दुपारी तो भेटायला गेला तेव्हा ती दुपारची झोप घेत होती, म्हणून तो मागच्या अंगणात जाऊन धुलाईवालीला घड्या घालू लागला. चौथी की पाचवी चादर उलगडली आणि त्याचे हात थांबले. उशीच्या जरा खाली, उजव्या अंगाला, बोटभर लाल शाईचा डाग होता.

"तो काही निघेना बाई माझ्याच्यानं," धुलाईवाली म्हणाली. "तुम्ही मोठ्या धुलाईघरातले. तुम्हाला जमतो का?"

पंचवीस वर्षं दर रविवारी त्याने तोच डाग काढला होता. बाळ्याने चादर दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि आधी डोळे पुसले.

"नाही," तो म्हणाला. "हा माझ्याच्यानेही निघायचा नाही." मग त्याने डाग वरच्या बाजूला येईल अशी घडी घातली.