कुणाचीच हरकत नव्हती

ईदचा तिसरा दिवस कलला तरी वुर्यानीच्या पुढच्या खोलीतल्या खुर्च्या मांडल्या तशाच रांगेत होत्या. नास्तारच्या, म्हणजे अननस भरलेल्या बिस्किटांच्या बरण्या काठोकाठ भरलेल्या होत्या. अननसाचं सारण तिनं स्वतः आटवलं होतं, ढवळून ढवळून मनगट धरलं होतं. दरवर्षी पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत या बरण्यांचा तळ दिसायचा. विद्यापीठातली मंडळी बायकापोरांना घेऊन यायची, तिचा हात दोन्ही हातांत धरून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, चहा प्यायची आणि पुढच्या घरी जायची. सणाला धाकट्यांनी थोरल्यांकडे जायचं असतं. आणि वुर्यानी तर उपकुलगुरू, विद्यापीठाचा सगळा पैसाअडका बघणारी. सगळे तिला मानानं बू म्हणत. तिच्या वर फक्त कुलगुरू.

"एवढं आता खाणार कोण?" नवऱ्यानं, गुनादीनं विचारलं. "मला तर डॉक्टरांनी साखर बंद केलीय."

"सकाळपासून तीन वेळा बरणीत हात घातलात, मी बघितलंय."

"मग काय, वाया जाऊ देऊ?" तो तिच्याजवळ येऊन बसला. "कुणाशी भांडलीस का गं?"

"कुणाशीच नाही."

"तेच तर. भांडली असतीस तर आले असते."

वुर्यानीनं बरणीचं झाकण घट्ट लावलं. ते का आले नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

कुतोआर्जो गावाबाहेर, भातशेतांच्या कडेला त्यांचं तीर्तोमुल्यो विद्यापीठ होतं. छोटं, खाजगी, फीवर चालणारं. त्या वर्षी सरकारी विद्यापीठांनी प्रवेशाच्या फेऱ्यांवर फेऱ्या काढल्या आणि पोरं ओढून नेली. वर्ग निम्मे रिकामे राहिले. वुर्यानीनं लिफ्टला कुलूप घातलं, एसी बंद केले, कुलगुरूंची गाडी विकून टाकली. कुलगुरू विनार्तो, ज्यांना सगळे आदरानं पाक विनार्तो म्हणत, मोटारसायकलवर मागं बसून यायला लागले, चष्मा पुसत पुसत. एवढं करूनही भागत नव्हतं. नर्सिंग विभागाच्या तपासणीला शहरातून माणसं येणार होती, आणि प्रयोगशाळेत दाखवायला धड खाट नव्हती. ती तपासणी हातची गेली असती तर विद्यापीठ पुढच्या वर्षी उघडलं नसतं.

म्हणून रमजानच्या आधी तिनं सगळ्यांची सभा घेतली. म्हणाली, "यंदा ईदला मिळणारा सणाचा जादा पगार निम्माच देता येईल. कुणाची हरकत असेल तर सांगा."

कुणी बोललं नाही. तळलेल्या तेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या बशा हातोहात पुढं सरकल्या. दोघाचौघांनी हसून मान हलवली. इलेक्ट्रिकल विभागाचा तार्मुजी दर सभेत एक तरी विनोद करायचा, तो चहाच्या पेल्यात बघत बसला. वुर्यानी याच मातीतली होती. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, हे तिला परक्या माणसानं सांगायला नको होतं. अशा वेळी थोडं थांबायचं असतं. पुन्हा विचारायचं, मग एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. ती थांबली नाही. पटकन "आभारी आहे" म्हणून तिनं सभा संपवली. इतिवृत्तात लिहिलं गेलं, एकमतानं.

चौथ्या दिवशी ती स्वतःच तार्मुजीच्या घरी गेली. थोरलीनं धाकट्याच्या दारात जाणं हे उलटंच होतं. तार्मुजीची बायको सिह तिला बघून इतकी गडबडली की हातातला झाडू घेऊनच पुढं आली.

"अगंबाई, बू! तुम्ही कशाला आलात? आम्हीच निघालो होतो!"

"निघालोच होतो," तार्मुजी म्हणाला. "पण गाडी पंक्चर झाली. मग पाहुणे आले. मग माझं पोट बिघडलं."

"एका माणसाला तीन कारणं? दोन तरी दुसऱ्यासाठी ठेव," वुर्यानी म्हणाली.

तार्मुजी हसला, पण मान खाली घालून. सिहनं गोड चहा आणला आणि दाराशी टेकून उभी राहिली.

"यंदा माहेरी गेलात का, वोनोगिरीला?" वुर्यानीनं विचारलं.

"नाही बू. आईला कळवलं, रस्त्यावर फार गर्दी आहे म्हणून."

"गर्दी तर दरवर्षीच असते."

"हो ना," सिह म्हणाली. "आईपण तेच म्हणाली."

वुर्यानीनं चहाचा पेला खाली ठेवला. मग वुर्यानी म्हणाली, "तार्मुजी, तुझी हरकत होती तर त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"हरकत कसली बू! तुम्ही आमच्या थोरल्या."

तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, आणखी मऊ आवाजात. घरी जाताना तिला वाटलं, यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर चहा गोड लागला असता.

पुढं सगळं बरं झालं, निदान कागदावर. नर्सिंग विभागाला तपासणीत सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. गावोगावच्या मुली आयांना घेऊन प्रवेशाला आल्या. वर्ष तुटीशिवाय पार पडलं. आणि वर्धापनदिन जवळ आला. त्या दिवशी सगळ्यांसमोर वर्षाचा अहवाल वाचतात, कमाई आधी आणि अडचणी नंतर. अहवाल वुर्यानीनं लिहायचा होता.

संस्थेचे अध्यक्ष पाक हाजी बासुकी खूश होऊन आले. विद्यापीठ त्यांच्या वडिलांनी काढलेलं. त्यांना वडिलांच्या नावानं कोरीव सागवानी प्रवेशद्वार बांधायचं होतं, आणि वर्धापनदिनाला रात्रभर छायाबाहुल्यांचा खेळ ठेवायचा होता.

"अहवालात एक वाक्य घाला, बू," ते म्हणाले. "सर्व कर्मचाऱ्यांनी आनंदानं आपला निम्मा सणाचा पगार विद्यापीठाला दिला. कमाईच्या भागात घाला. तेवढं वाचून झालं की मी उठतो आणि पुढच्या वर्षासाठीही विचारतो."

"पाक हाजी, ते आनंदानं नव्हतं."

"कुणी नाही म्हणालं?"

"नाही."

"मग? तुम्हीच तर विचारलं होतंत." ते हसले. ते काही वाईट माणूस नव्हते. "आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, हे तुम्हाला ठाऊक, मलाही ठाऊक. त्यावरच तर आपलं चालतं, बू."

ते गेले, पण ते वाक्य खोलीत राहिलं. त्या सभेच्या दिवशी तिच्या मनात अगदी हेच होतं, फक्त तिनं ते शब्दांत मांडलं नव्हतं. आता हे वाक्य अहवालात गेलं की निम्मा पगार ही रीतच होणार. भरल्या सभागृहात पाक हाजी विचारणार, आणि पुन्हा बशा सरकणार.

पण नाही न म्हणणाऱ्या माणसांना विचारायचं तरी कसं? दोन दिवस ती याच विचारात होती. तिच्या गल्लीत प्रत्येक दाराबाहेर एक लहानसा डबा टांगलेला असे. घरोघरचे लोक त्यात चिमूटभर तांदूळ टाकत आणि पहारेकरी फिरून तो गोळा करत, गल्लीच्या अडीअडचणीसाठी. कुणाची चिमूट केवढी, हे कुणी विचारत नसे. उपहारगृह चालवणाऱ्या यू गिनाहकडून तिनं अरुंद तोंडाचं एक मडकं मागून घेतलं आणि पाण्याच्या पिंपामागं, जिथं नजर जात नाही अशा कोपऱ्यात ठेवलं. शेजारी दोन वाट्या ठेवल्या. पुढच्या ईदला निम्मा पगार चालणार असेल तर तांदळाचा दाणा टाकायचा, चालणार नसेल तर हिरवा मूग, असं सगळ्यांना कळवलं.

"आणि कुणी मूठभर टाकले तर?" यू गिनाहनं विचारलं.

"तर त्याला मूठभर राग आलाय असं समजायचं."

"मग मोठं मडकं घ्या, बू."

शुक्रवारी सकाळी वुर्यानीनं ते मडकं कुलगुरूंच्या खोलीत नेलं. पाक हाजीही तिथंच होते. तिनं मडकं सुपात उपडं केलं. सूप हिरवंगार झालं. तांदळाचे दाणे इतके थोडे होते की खडे असावेत असं वाटलं.

पाक हाजींनी सुपातून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आता विद्यापीठ मूग चालवणार का?"

"यातला एक माझा आहे," कुलगुरू हळूच म्हणाले.

"तांदूळ ना?"

"मूग." पाक विनार्तो चष्मा पुसायला लागले.

वुर्यानी म्हणाली, "पाक हाजी, बाहुल्यांचा खेळ नको आणि यंदा प्रवेशद्वारही नको. तेवढ्यात पुढच्या ईदचा पगार पुरा होतो."

पाक हाजींचा चेहरा हलला नाही. त्यांनी चहाचा घोट घेतला, मंद हसले आणि म्हणाले, "बरं."

ते बरं तिनं ओळखलं. जन्मभर ऐकलेलं होतं. उद्या लाकूड येणार, परवा सुतार येणार, आणि कुणी काही विचारलंच तर पाक हाजी पुन्हा असंच हसणार. आतापर्यंत ती अशा वेळी मान लववून उठत आली होती. आज ती बसून राहिली.

"बरं म्हणजे हो की नाही, पाक हाजी?"

कुलगुरूंचा चष्मा पुसणारा हात थांबला. असं कुणी कुणाला विचारत नसे, अध्यक्षांना तर नाहीच. पाक हाजींच्या मानेवर लाली चढली.

"नाही!" ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजानं दचकले. "नाही. माझे वडील इथं विटा वाहायचे, बू. स्वतःच्या डोक्यावर. त्यांचं नाव कुठंही नाही."

"हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत," वुर्यानी म्हणाली.

"कुणी विचारलंय?"

मग मात्र बोलणं सुरू झालं. पाक हाजी चिडले, वुर्यानी चिडली, कुलगुरूंनी दोनदा चहा मागवला. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा सागवान गेलं होतं आणि विटांचं साधं प्रवेशद्वार राहिलं होतं. तेही पुढच्या वर्षी, नर्सिंगची फी नीट जमली तर. बाहुल्यांचा खेळ पाक हाजी स्वतःच्या खिशातून करणार होते, रात्रभर नाही, मध्यरात्रीपर्यंतच. ईदचा पगार पुरा. उठताना ते म्हणाले, "तुम्ही फार वाईट विचारता, बू." ते हसत नव्हते, म्हणून तिनं ते खरं मानलं.

वर्धापनदिनाला तिनं अहवाल वाचला. नर्सिंगची श्रेणी वाचली, नव्या मुलींबद्दल वाचलं. मग अडचणींच्या भागात ठेवलेलं एक वाक्य वाचलं. निम्मा सणाचा पगार कर्मचाऱ्यांनी दिला नाही, आम्ही तो घेतला. विचारल्यासारखं केलं, पण विचारलं नाही. पुढच्या वर्षी पगार पुरा मिळेल.

टाळी वाजली नाही. माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. पाक हाजी पुढच्या रांगेत ताठ बसून होते. वुर्यानीनं कागद दुमडले. ही शांतता कुठली, ते तिला या वेळी ओळखता आलं नाही.

जेवणाच्या रांगेत ती ताट घेऊन उभी असताना मागून कुणीतरी खाकरलं. तार्मुजी होता. शेजारी सिह त्याला कोपरानं ढोसत होती.

"बू, एक बोलू का?" तो म्हणाला. "रागावणार नसाल तर."

"बोल."

"अहवाल फार लांब होता." त्यानं सिहकडे बघितलं. "आणि मधेमधे कंटाळवाणा. ते लिफ्टचं तर तुम्ही दोनदा वाचलंत."

रांग जागीच थांबली. वुर्यानीनं ताट बाजूला ठेवलं.

"कुठं कुठं कंटाळा आला, सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. बसून बोलू या."