उत्तरपूजा राहिलेली पेटी

मी एक जुनी आंब्याच्या लाकडाची पेटी आहे, आणि मित्रांनो, माझ्याशी लोक जे वागले त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. तुम्ही ऐका आणि तुम्हीच सांगा, असं कुणी कुणाशी वागतं का?

लोणारच्या तुळशीराम मिस्त्रींनी मला घडवलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. तुळशीरामांकडे लग्नाच्या पेट्या बनत, म्हणून मी समजले, माझ्यातही लुगडी येतील, अत्तराची कुपी येईल. कसचं काय. सार्वजनिक वाचनालयाचे नीळकंठराव आले आणि त्यांनी माझ्यात नुसता कागद भरला. पुस्तकं म्हणे. हा माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. मी फिरत्या वाचनालयाची पेटी होते. खेड्यात जायचं, काही महिने राहायचं, मग नीळकंठराव येऊन जुनी पुस्तकं नेणार आणि नवी ठेवणार, असा सगळा बेत होता.

एस.टी.च्या टपावर, कोंबड्यांच्या डालीशेजारी बसून मी सुलतानपूरला पोचले. माझा मुक्काम पडला भगवानरावांच्या ओसरीवर. भगवानराव गावातले मोठे शेतकरी. त्यांना अक्षर यायचं ते सहीपुरतं, पण वाचनालयाची पेटी उतरेल तर आपल्याच घरी, हा त्यांचा हट्ट.

तिथल्या वाचणाऱ्यांनी तर माझी बोलतीच बंद केली. कुणी थुंकी लावून पान उलटी, कुणी खूण म्हणून चुन्याचं बोट ओढी. एकजण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ओसरीवर आडवे होऊन ऐकायचे. पण खरं सांगू? हळूहळू मला ते आवडायला लागलं. दिवसातून दहादा झाकण उघडलं जाई, आत वारा येई.

सगळ्यांत जास्त मला आवडे ती शालू, भगवानरावांची सून. माहेरी ती सातवीपर्यंत शिकली होती. सासरी आल्यावर तिच्या हाती छापलेला कागद यायचा तो फक्त किराण्याच्या पुडीचा, आणि ती पुडीसुद्धा उलगडून वाचायची. पुरुषमंडळी शेतात गेली की ती पदराला हात पुसून माझ्याजवळ बसे. तिनं एक कादंबरी धरली होती. त्यात शरयू नावाची एक मुलगी नर्सिंग शिकायला घरातून निघते. घरच्यांचा राग, आईचं रडणं, सगळं मागे टाकून ती स्टेशनावर येते. हातात तिकीट, समोर गाडी उभी, आणि मागून धाकटा भाऊ हाका मारत धावत येतोय. शालू इथवर आली आणि दसरा उजाडला.

दसऱ्याला अवजारं आणि पुस्तकं पूजेत ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मलाही उचलून देवघरात नेलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी मोहरून गेले. दुसऱ्या दिवशी जोशीबुवा येऊन उत्तरपूजा करणार होते. अक्षता टाकून देवाला निरोप देतात ना, ती. तोवर पूजेतली वस्तू हलवायची नाही, असा रिवाज. जोशीबुवा मात्र लेकीच्या बाळंतपणाला नांदुऱ्याला गेले आणि तिकडेच रमले. त्यात त्या साली कापूस असा पिकला की भगवानराव म्हणाले, "सरस्वती घरात आली म्हणून पिकलं. आता उत्तरपूजा नको अन् काही नको. राहू द्या तिले इथंच."

मित्रांनो, मला कुलूप लागलं. किल्ली देवाच्या तसबिरीमागे गेली. रोज उदबत्ती, रोज फूल, आणि झाकण बंद.

माझी सगळी आशा नीळकंठरावांवर होती. पुस्तकं बदलायला ते आले, देवघरात मला पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "धन्य आहे तुमची, भगवानराव," असं म्हणून वाचनालयाचा माणूस मला नमस्कार करून, चहा पिऊन निघून गेला. मी आ वासून बघत राहिले. वासायला झाकण तरी कुठे मोकळं होतं म्हणा.

मग पावसाळ्यात माझ्या बुडाशी कुरकुर सुरू झाली. देवघराच्या मातीच्या भिंतीतून वाळवी माझ्यात शिरली होती. वरून माझी आरती चालली होती आणि खालून मला खाणं चाललं होतं. ओरडणार कशी? मला तोंड नाही.

देवघर सारवायला शालू बसली तेव्हा तिला माझ्या बुडाशी मातीची बारीक नळी दिसली. तिनं सासूला, रुखमाबाईंना, हाक मारली. "आत्याबाई, पेटीले वाळवी लागली."

"देवाच्या वस्तूले काऊन लागीन?" रुखमाबाई म्हणाल्या. "हात नको लावू बाई. उत्तरपूजा राह्यली आहे."

शालूनं नळीवर बोट दाबलं तशी ती फुटली, आत किडे वळवळत होते. मग ती उठली, तसबिरीमागची किल्ली काढली आणि माझं कुलूप उघडलं. रुखमाबाई "अवं, अवं" म्हणत राहिल्या. शालूनं अंगणात गोधडी अंथरली आणि एकेक पुस्तक काढून उन्हात मांडलं. मलाही उलटं केलं. तेव्हा माझं बूड गळूनच पडलं. आपल्या अंगाचा भुगा डोळ्यांदेखत पाहणं काय असतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

तेवढ्यात भगवानराव शेतातून आले आणि दारातच थबकले. "हे काय करून राह्यली तू?"

शालू हातातलं पुस्तक गोधडीवर ठेवत म्हणाली, "सरस्वतीले उन्हात घातलं, मामाजी. आतून खाल्ली जाऊन राह्यली होती."

भगवानरावांनी रागानं जवळचं पुस्तक उचललं. बांधणी धड, वरची पानं धड. मधून उघडलं तर भसकन माती त्यांच्या धोतरावर सांडली. ती शरयूची कादंबरी होती. भगवानराव खालीच बसले. धोतरावरची माती चिमटीत घेऊन त्यांनी विचारलं, "काय होतं यात?"

शालूनं सांगितलं. घर, आई, तिकीट, गाडी, धावत येणारा भाऊ.

"मंग? बसली काय पोरगी गाडीत?"

"पुढचं वाळवीनं खाल्लं," शालू म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं दाबलेलं रडू तिला फुटलं.

दुसऱ्या दिवशी भगवानराव मला आणि सुनेला घेऊन लोणारच्या एस.टी.त बसले. वाचनालयात बाईमाणूस शिरलेलं पाहून वर्तमानपत्रं वाचणारे सगळे थिजले. माझं बूड पाहून नीळकंठराव पांढरेफटक पडले. त्यांच्याकडे त्या कादंबरीची दुसरी प्रत नव्हती. नांदुऱ्याच्या वाचनालयातून मागवावी लागेल, म्हणाले. "पण शेवट मला ठाऊक आहे. गाडी सुटायच्या वेळेला ती..."

"सांगू नका," शालू म्हणाली. "मी वाचीन."

प्रत यायला बरेच आठवडे लागले. तोवर तुळशीरामांनी मला पत्र्याचं बूड ठोकलं. पुस्तक आलं त्या दुपारी शालू ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत होती. रुखमाबाई दाराआड होत्या. भगवानराव शेतात गेलेच नव्हते. शरयूनं धाकट्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गाडीत चढली. भगवानरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बसली एकदाची."

आता दर दसऱ्याला ते मला पूजेत ठेवतात आणि जोशीबुवांची वाट न पाहता संध्याकाळी स्वतःच अक्षता टाकतात. मग किल्ली शालूच्या हातात देतात.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या गावातल्या माझ्या बहिणींना हार घाला, कुंकू लावा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याच संध्याकाळी त्यांचं झाकण उघडा.