पाचवी मुलगी

सात वर्षं एकच कॉलेज रिले जिंकतंय आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, याचंच मला जास्त वावगं वाटत होतं.

आणि कॉलेज तरी कसलं? एक इमारत, दोन जिने आणि मागच्या बाजूला मोकळी जागा. तिला मैदान म्हणायचं तर आमच्या पार्किंगला स्टेडियम म्हणावं लागेल. आमच्याकडे सिंथेटिक ट्रॅक आहे, जिम आहे, आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओ आहे, आणि या सगळ्यावर क्रीडाशिक्षक म्हणून मी आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिली, दुसरी, तिसरी आमच्याच कॉलेजची येते. त्यांची एकही फायनलला दिसत नाही. पण चार बाय शंभर रिले आली की त्यांच्या चौघी उतरतात, हातातून हातात बॅटन देत पळतात आणि कप घेऊन घरी जातात. एकेकटीला हरवता येतं आणि चौघींना मिळून हरवता येत नाही, हा कुठला हिशेब? पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यातून त्यांना शिकवतं कोण, तर केमिस्ट्रीच्या मॅडम! क्रीडाशिक्षक ठेवायची ऐपत नाही म्हणून म्हणे यांनी हौसेने अंगावर घेतलंय. सकाळी प्रयोगशाळेत बाटल्या हलवायच्या, संध्याकाळी मुली पळवायच्या, आणि त्या मुली सात वर्षं जिंकतात. मी हे कुणालाही सांगितलं की लोक हसायचे. मला हसू येत नव्हतं.

"तुम्ही आरशात बघतानासुद्धा मागे कोण उभंय ते आधी बघता," बायको म्हणायची. म्हणू दे. संशयी माणूस फसत नाही.

यंदा मात्र गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी राहिली नव्हती. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले नाहीत. "सर, एवढा खर्च, एवढ्या सोयी, आणि त्या टीचभर कॉलेजकडून आपण दरवर्षी मार खातो. यंदा रिलेचा कप आला नाही तर विभाग दुसऱ्या कुणाकडे देईन. तुम्ही स्टोअर सांभाळा." स्टोअर म्हणजे जाळ्या, चेंडू आणि उंदीर. उभी हयात ट्रॅकवर काढलेल्या माणसाने आता चेंडूत हवा भरत बसायचं.

आणि यात माझ्या घरातलंच माणूस शत्रूच्या गोटात. माझी मुलगी, बारकी.

तिचं असं झालं की गेल्या वर्षी ती आमच्याच कॉलेजात यायची होती. मी रीतसर चाचणी घेतली. ती चौथी आली, म्हणजे संघात. पण घड्याळ माझ्या हातात, पोरगी माझी. मलाच माझ्या अंगठ्याचा भरवसा वाटेना. लोकांनी बोट दाखवायच्या आत मी पहिल्या पाचही जणींना परत पळवलं. दुसऱ्या वेळी ती पाचवी आली. "राखीव म्हणून ये," मी म्हणालो. पुढच्या सोमवारी तिने त्या दोन जिन्यांच्या कॉलेजात नाव घातलं. माझ्या मते मी न्यायाने वागलो होतो, आणि न्यायाने वागलेल्या बापाशी पोरीने इतकं तुटक का वागावं, हे मला कळत नव्हतं.

तर अशी ही बारकी आता त्यांच्यासाठी तिसरा टप्पा पळत होती. घरात तिच्याकडून एक अक्षर काढता येईना. "काय करून घेतात तुमच्याकडून?" विचारलं की म्हणायची, "पळवून घेतात." वर आईबरोबर फिदीफिदी हसायची.

एके दिवशी ती आंघोळीला गेली असताना तिची बॅग दारामागे टांगलेली दिसली. चेन अर्धी उघडी होती. आत कपड्यांच्या वर एक तपकिरी बाटली, प्रयोगशाळेत असते तसली, बुचाची. माझ्या डोक्यातला किडा वळवळायला लागला. बूच काढलं, वास घेतला. वास नाही. ज्याला वास नाही ते जास्त वाईट. बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला.

"मीठ-साखरेचं पाणी आहे, बाबा." बारकी दारात उभी होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "प्लॅस्टिकची फुटली म्हणून मॅडमनी नवी कोरी बाटली दिली. अजून काही बघायचंय? मोजे पण आहेत आत."

"अगं, मी सहज..."

"सहज नाही." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमच्यासमोर बॅग ठेवायची की कुलूप लावायचं, तेवढं सांगा." तिने बॅग खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती बॅग दारामागे टांगलेली मला कधी दिसली नाही. आमच्या जेवायच्या टेबलावर ती "वाढा" आणि "बस" एवढंच बोलायला लागली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाटलीत काही सापडलं नाही म्हणजे काहीच नाही असं थोडंच असतं?

स्पर्धेला आठवडा उरला असताना बारकी स्पाइक्सचे बूट घरी विसरली. मी ते उचलले.

"बूट द्यायला जाताय?" बायको म्हणाली. "की ताकाला जाऊन भांडं लपवताय?"

"पोरीला बूट नकोत का?"

"ती विसरली नाही. दुरुस्तीला टाक म्हणून माझ्याकडे ठेवून गेलीय."

तरी मी गेलो. मागच्या मोकळ्या जागेत जेमतेम साठ-सत्तर पावलांची सरळ पट्टी होती, कडेला सायकलींचं स्टँड. त्या पट्टीवर चौघी जणी पळतसुद्धा नव्हत्या. चालत होत्या. एकीमागे एक, ओळीने, आणि मागची पुढचीला बॅटन देत होती. पुढची हात मागे करायची, बॅटन तळव्यावर पडायचं, आणि ती मान न वळवता ते पुढे द्यायची. चालता चालता गप्पा, बॅटन पुढे. शेवटच्या मुलीकडे पोचलं की सगळ्या उलट वळून परत तेच. इतकं साधं कुणी करतं का? मी सायकलींच्या आड उभा राहून खूण शोधत होतो. खोकला, टाळी, काहीतरी असणारच.

आता इथे एक सांगायला हवं. बॅटन न बघता घ्यायचं, हे मलाही माहीत आहे. पुस्तकात तेच लिहिलंय. पण एका वर्षी माझ्या मुलींनी न बघता घेतलं आणि भर शर्यतीत पाडलं. तेव्हापासून माझा नियम एकच: वळून बघा, मग घ्या. निमिषभर उशीर झाला तरी चालेल. कुणाच्या हातावर विसंबायचं नाही.

"सर, आडोशाला का? इकडे या ना," मॅडमनी हाक मारली. ॲप्रन अंगावरच होता. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, काय हवं ते बघा म्हणाल्या. इतकं उघड दाखवतायत म्हटल्यावर माझा संशय आणखी बळावला.

"निवड कशी करता?" मी विचारलं.

"निवड कसली? चारच आहेत."

"बाकीच्या?"

"बाकीच्या नाहीत, सर. एवढ्याशा कॉलेजात पळायला येतात किती? एक पास होऊन गेली की कुणीतरी एक सापडते. मग उरलेल्या तिघी तिला शिकवतात. मी फक्त शिट्टी वाजवते."

"पाचवी नाही? राखीव?"

"पाचवी असती तर मलाही निवड करावी लागली असती," त्या हसल्या. "तुमचं बरं आहे, तुमच्याकडे वीस आहेत."

हे मला टोमण्यासारखं लागलं. वीस मुली असणं हे काय दुखणं आहे? मी दर पंधरवड्याला चाचणी घेतो. जी पळेल ती राहील, जी ढिली पडेल ती बाहेर. त्यामुळे सगळ्या जागच्या जागी सावध असतात. एकमेकींशी फारशा बोलत नाहीत, हेही खरं. बोलतील कशा? आजची जोडीदारीण उद्या आपली जागा घेणार असते.

तेवढ्यात मला हवं ते मिळालं. पहिला टप्पा पळणाऱ्या मुलीला बाकीच्या "आत्या" म्हणत होत्या. चांगली थोराड, तिशीकडे झुकलेली वाटावी अशी. विचारलं तर कळलं, लाँड्रीत इस्त्रीचं काम करते, मधे शिक्षण सुटलं होतं, आता पुन्हा नाव घातलंय. पुन्हा नाव घातलंय! माझे कान टवकारले. म्हणजे ही विद्यार्थिनी आहे की नाही, वय बसतं की नाही, कुणी बघितलंय? उठताना मी मॅडमचे आभार मानले. बूट बारकीच्या हातात दिले. तिने ते घेतले आणि माझ्याकडे बघितलं, बॅगच्या वेळी बघितलं होतं तसंच.

स्पर्धेच्या दिवशी मी आयोजकांच्या टेबलापाशी गेलो. शर्यतीला अवकाश होता. टेबलावरच्या पंचांना म्हणालो, "त्यांच्या पहिल्या खेळाडूच्या पात्रतेवर माझी हरकत आहे."

पंच थकलेले होते. "घ्या ना हरकत, सही करा. पण कागद तपासायला संध्याकाळ होईल. तोवर तिला पळता येणार नाही. त्यांना म्हणावं राखीव मुलगी उतरवा."

"त्यांच्याकडे राखीव नाही," बाजूचा एक जण म्हणाला.

"मग संघ बाद. मी काय करू?"

झालं. इतकं सोपं होतं. एक सही, आणि कप आमचा, विभाग माझा. कागद बरोबर निघाले तर संध्याकाळी माफी मागता आली असती. मी पेन उघडलं.

"बाबा, इथे काय करताय?"

बारकी पिण्याचं पाणी भरायला आली होती. हातात तीच तपकिरी बाटली. तिने टेबलाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, आणि तिला समजलं. पोरगी माझीच, तिलाही लगेच वास येतो.

"आत्याचं नाव देताय?"

"नियम म्हणजे नियम. कागद बरोबर असतील तर..."

"कागद बरोबर आहेत. पण तुम्ही परत तपासणार. मलाही परत पळवलंत ना?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती ते पुसत नव्हती. "तुमच्याकडे मी पाचवी होते, बाबा. इथे पाचवी कुणीच नाही. मी पडले, दमले, हळू पळाले, तरी त्या तिघी माझ्याच हाताची वाट बघतात. तुम्हाला ते बाद करायचं असेल तर करा."

ती वळली आणि मैदानाकडे चालायला लागली. मी सही करतोय की नाही, हे बघायलासुद्धा ती थांबली नाही.

"सर?" पंच म्हणाले. "करताय ना?"

बारकी चौथी आली होती. पहिल्यांदा, दमायच्या आधी, माझ्याच घड्याळात. मी पेन बंद केलं. "राहू द्या," म्हणालो.

शर्यत काय सांगू. माझ्या चौघीही त्यांच्यापेक्षा वेगवान होत्या, प्रत्येक टप्प्यात अंतर कापत होत्या. आणि प्रत्येक बदलीला माझ्या संघातली मुलगी मान वळवून मागे बघत होती, मी शिकवलं होतं तस्सं, आणि कापलेलं अंतर परत देत होती. तिकडे बारकीने हात मागे केला, आणि बॅटन तिच्या तळव्यावर आलं तेव्हा तिची नजर पुढच्या मुलीच्या पाठीवर होती. त्यांच्या चौघी हातभर अंतराने जिंकल्या. माझ्या तोंडून आरोळी निघाली. कुणाच्या बाजूने, ते माझं मलाच उशिरा कळलं.

प्राचार्यांना मात्र लगेच कळलं असावं. ते खुर्च्यांमधून वाट काढत आले. "सर, कुणीतरी म्हणालं की तुम्ही हरकत घ्यायला गेला होता आणि न घेता परत आलात?"

"हो."

"का?"

"हरकत घेण्यासारखं काही नव्हतं."

"मग सात वर्षं जिंकतात कशाच्या जोरावर?"

"त्यांच्याकडे पाचवी मुलगी नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. रोज सकाळी दाढी करताना बघतो तीच. "तिसऱ्या टप्प्याला पळाली ती तुमची मुलगी ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हणालो. "अस्सं," ते म्हणाले, आणि मला स्टोअरमधले उंदीर दिसायला लागले. खरं काय ते सांगूनही समोरच्याला पटत नाही म्हणजे कसं वाटतं, हे त्या दिवशी कळलं. ओरडून सांगावंसं वाटलं, आणि ओरडलो असतो तर त्यांचा संशय आणखी पक्का झाला असता.

बाहेर पडताना बारकी माझ्यापुढे चालत होती. गळ्यात मेडल, एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हाताने आत्याला टाटा करत होती. माझ्याशी अजून ती एक शब्द बोलली नव्हती. मीही मागून गुपचूप चालत होतो. फाटकाजवळ गर्दी झाली तशी तिने बॅग खांद्यावरून काढली आणि मान न वळवता हात मागे केला.

मी पटकन पुढे होऊन पट्टा धरला. तिने लगेच सोडला.

बॅगची चेन अर्धी उघडी होती. आत कपड्यांच्या वर काहीतरी गुंडाळून ठेवलेलं दिसत होतं. खरं सांगतो, बघावंसं वाटलं. मी चेन लावली आणि तिच्या मागोमाग चालायला लागलो.