कोकराच्या मापाचे कप्पे

मित्रांनो, मी एक सॅक आहे. जुनी म्हणावी इतकी माझी वर्षे झालेली नाहीत, पण ज्या ज्या वस्तूंपासून माझे अंग जमले, त्या सगळ्या आधीच जुन्या होत्या. म्हणून मला जुनी म्हटले तरी माझी तक्रार नाही. माझे कापड म्हणजे ट्रकवरची हिरवी ताडपत्री. खांद्यांवरचे पट्टे म्हणजे दौंडच्या भंगारात आलेल्या एका मोटारीचे सीटबेल्ट. कमरेला लावायचे बकलही त्याच मोटारीचे आहे आणि लावताना अजून खट् असे वाजते. पाठीला टोचू नये म्हणून आत जो फोम आहे, तो कुठल्याशा मोटारसायकलच्या सीटमधला आहे.

मला शिवले शिरूरच्या सुभानचाचांनी. रस्त्याला लागून त्यांचे छोटे दुकान आहे. तिथे ते ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरे आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. सॅक त्यांनी त्याआधी कधीच शिवली नव्हती. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणारा एकच प्राणी त्यांना नीट माहीत होता, आणि तो म्हणजे मेंढपाळांचा घोडा. तरुणपणी त्यांनी अशा घोड्यांसाठी खोगिरे शिवली होती आणि त्या खोगिरांना दोन्ही बाजूंनी लटकवायच्या पिशव्याही शिवल्या होत्या. कळप चालत असताना जी कोकरे वाटेत जन्मतात, त्यांना चालता येत नाही. ती या पिशव्यांत बसून जातात.

माझी मालकीण प्रतिभा. कवठे येमाईची. तिचे आजोबा ज्योतिबा यांचा एकेकाळी मोठा कळप होता. दिवाळी झाली की ते मेंढ्या घेऊन सह्याद्री ओलांडायचे आणि चार महिने कोकणात राहायचे. पुढे एका वर्षी त्यांनी सगळी मेंढरे एकदम विकली आणि शेती धरली. का विकली, ते घरात कुणालाही सांगितले नाही. प्रतिभा तेव्हा लहान होती.

ती मोठी झाली आणि रांजणगावच्या एका कारखान्यात लागली. समोरून प्लॅस्टिकचे भाग सरकत जायचे आणि तिने खराब असतील तेवढे लाल ट्रेमध्ये टाकायचे, असे ते काम. ते आठ तास उभे राहून करायचे. चालून आपले पाय कधी दुखले नाहीत, उभे राहूनच दुखतात, असे ती सांगायची. सुट्टी मिळाली की ती गड चढायला जायची. पुण्यातली एक गिर्यारोहण संस्था मुलींसाठी वाटाड्याची पक्की नोकरी देणार होती. त्यासाठी एक परीक्षा होती. माळशेजपासून खंडाळ्यापर्यंत घाटमाथ्यावरून एकटीने चालत यायचे, आपले सगळे सामान आपल्याच पाठीवर आणायचे, आणि नवव्या दिवशी, रविवारी, दुपारी बाराच्या आत पोचायचे. पोचली तर नोकरी, नाही तर पुन्हा लाल ट्रे.

दुकानातल्या सॅक तिला मोठ्या व्हायच्या. प्रतिभा बुटकी आहे, आणि त्या तिच्या मांड्यांवर आपटायच्या. म्हणून ती सुभानचाचांकडे आली. चाचांनी तिच्या पाठीचे माप घेतले, ज्योतिबाची नात म्हणून चहा पाजला आणि मन लावून मला शिवले. फक्त एक गोष्ट झाली. दोन्ही बाजूंचे कप्पे शिवताना त्यांचा हात जुन्या सवयीने चालला. कप्पे कोकराच्या मापाचे झाले आणि प्रत्येकाला सहा सहा भोके पडली. ताडपत्रीला बसवतात तशा पितळी रिंगाही त्यांनी त्या भोकांना बसवल्या.

प्रतिभाने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. चाचा ओशाळले. कप्पे उसवून नवे करून देतो म्हणाले, पण तिला दुसऱ्याच दिवशी निघायचे होते. घरी नेल्यावर ज्योतिबाआबांनी मला पाहिले. त्यांनी कप्प्यावर हात ठेवला, एका भोकात बोट घातले, आणि उठून शेताकडे गेले. मला वाटले, त्यांना माझी शिलाई आवडली नाही.

आम्ही निघालो तेव्हा कार्तिक सरत आला होता. पहाटे गवत ओले असायचे आणि दुपारी ऊन चांगलेच लागायचे. माझ्या पोटात तंबू होता, झोपायची पिशवी होती. उजव्या कप्प्यात पाणी आणि स्टोव्ह, डाव्या कप्प्यात पीठ आणि डाळ. दुसऱ्याच सकाळी दवाने पीठ ओले झाले. प्रतिभाने एक जुना मोजा फाडून त्याचे बारा बोळे केले आणि माझी बाराही भोके बुजवली. बोळे कोंबताना ती सुभानचाचांना जे बोलली, ते मी इथे सांगत नाही. त्यानंतर मात्र आमचे बरे जमले. तिच्या पाठीचा घाम माझ्या फोमात मुरला, बकलची जागा तिच्या पोटावर ठरून गेली. नाणेघाट झाला, आहुपे झाले, भीमाशंकर मागे पडले. सहाव्या दिवशी आम्ही ठरल्यापेक्षा अर्धा दिवस पुढे होतो. ती चालता चालता गुणगुणत होती.

सातव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी आभाळ भरून आले. अवकाळी पाऊस कार्तिकात पडतो तेव्हा तो पावसासारखा वाटत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि अंगाला सुया टोचतात. पठारावर आडोसा नव्हता. प्रतिभा मान खाली घालून भराभर चालत होती. तेवढ्यात पुढे घोड्याचे खिंकाळणे ऐकू आले.

कोकणात उतरणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथे दोनेकशे मेंढ्या अंगाला अंग लावून उभ्या होत्या. दगडोबा नावाचा मेंढपाळ त्यांना हाकत होता आणि त्या हलत नव्हत्या. त्याची बायको रंगुबाई घोड्यापाशी होती. घोड्याचा पाय खडकात अडकून मुरगळला होता. तो कसाबसा उभा होता, पण ओझे घेऊन उतरणे त्याला शक्य नव्हते. आणि ओझे म्हणजे सात कोकरे होती. कुणी दोन दिवसांचे, कुणी चार. ती रंगुबाईच्या घोंगडीखाली थरथरत होती. दगडोबाला थांबता येत नव्हते. भिजलेल्या मेंढ्या एकदा बसल्या की उठत नाहीत, हे त्याला माहीत होते. खाली तीन तासांवर वाडी होती, तिथे ऊब होती आणि चूल होती.

रंगुबाईला किती कोकरे नेता येतील, असे प्रतिभाने विचारले. रंगुबाईने सांगितले की दोन तिच्या घोंगडीत बसतील. मग बाकीच्या पाचांचे काय, हे प्रतिभाने विचारले नाही. रंगुबाईनेच सांगून टाकले.

"तू तुझ्या वाटंनं जा, पोरी. आमाला हे नवं न्हाई. ऱ्हातील ती हितं, खडकाखाली. सकाळी बघायचं."

प्रतिभाने घड्याळ पाहिले. एकदाच पाहिले. मग मला पाठीवरून उतरवले आणि खट् करून बकल सोडले. तिने तंबू बाहेर काढला, स्टोव्ह काढला, पीठ काढले, सगळे तंबूत गुंडाळून एका खडकाखाली सारले. झोपायची पिशवी तेवढी आत ठेवली. तिच्यात एक कोकरू गुंडाळून माझ्या पोटात बसवले. उरलेली चार माझ्या बाजूच्या कप्प्यांत, दोन इकडे, दोन तिकडे. बसवताना रंगुबाईचा हात भोकांना लागला.

"हे कुनी शिवलं?" ती म्हणाली. "ही कोकराचीच पिशवी हाय की."

मग प्रतिभाने माझे बारा बोळे एकेक करून उपसले आणि चिखलात टाकून दिले. मी पंधरा किलोची होते आणि पुन्हा जवळजवळ पंधरा किलोचीच झाले. फक्त आता ते वजन हलत होते.

तो उतार मी कधी विसरणार नाही. दगड निसरडे होते. प्रतिभा तीनदा पडली, आणि तिन्ही वेळा पुढे पडली, पाठीवर पडली नाही. गुडघा फुटला तेव्हाही तिने हात मागे नेऊन आधी माझा कप्पा चाचपला. भोकांतून लहान लहान श्वास येत होते. ते गरम होते. मित्रांनो, मी निर्जीव वस्तू आहे, पण त्या तीन तासांत मला तसे वाटले नाही. डाव्या कप्प्यातल्या एका कोकराचा श्वास मात्र हळूहळू कमी झाला आणि वाडी दिसू लागली त्याच्या जरा आधी थांबला. मला ते कळले. तिला खाली पोचल्यावर कळले.

बाकीची चार वाचली. रंगुबाईची दोन्हीही वाचली. एका घरात त्यांना चुलीपुढे पोत्यावर ठेवले, आणि त्यांनी लगेच माझा पट्टा चोखायला सुरुवात केली. पाऊस दुसऱ्या दिवशीही उघडला नाही. धुक्यात वर जायची वाट दिसत नव्हती. रविवारी सकाळी प्रतिभा घाट चढून सामानापाशी पोचली. तंबू भिजून दुप्पट जड झाला होता. तिथून खंडाळा दोन दिवस होता. ती परत फिरू शकली असती. पण ती चालत राहिली आणि मंगळवारी संध्याकाळी खंडाळ्याला पोचली. तिथे कुणीही नव्हते.

पुण्याला संस्थेच्या सरांनी तिचे सगळे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचे कौतुक केले आणि सांगितले की वाटाड्याने वेळ पाळली नाही, तर मागचे वीस जण अंधारात सापडतात, म्हणून नियम बदलता येत नाही. तिला ते पटले, आणि तेच जास्त लागले. एसटीत तिने मला मांडीवर घेतले आणि शिरूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

घरी आल्यावर तिच्या आईने, सुषमाताईंनी, नाकाला पदर लावला. माझ्या अंगाला लेंडीचा, ओल्या लोकरीचा आणि दुधाचा वास येत होता. त्यांनी टब भरला, त्यात साबणाची पावडर टाकली आणि मला बुडवायला उचलले. ओसरीवर बसलेल्या आबांनी हात पुढे केला. सुषमाताईंनी मला त्यांच्याकडे दिले.

आबांनी डाव्या कप्प्यात हात घातला, बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

"किती व्हती?" त्यांनी विचारले.

"सात. माझ्याकडं पाच," प्रतिभा म्हणाली.

"जगली किती?"

"चार. एक वाटंत गेलं, आबा. मला कळलंच न्हाई."

आबा बराच वेळ कप्प्याच्या रिंगांवरून अंगठा फिरवत राहिले. सुषमाताई टबापाशी उभ्या होत्या.

"मी अकरा ठिवली व्हती," ते म्हणाले. "खडकाखाली. घोडं लंगडत व्हतं. म्हनलं, सकाळी येतो. गेलो बी सकाळी."

 ते घडले त्याच महिन्यात त्यांनी मेंढरे विकली होती. वीस वर्षे घरात कुणाला न कळलेले कारण तिला त्या दिवशी कळले. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने आबांनी सुनेला सांगितले, "धुवू नगं तिला." मग ते स्वतः उठले आणि मला आपल्या खाटेवरच्या खुंटीला अडकवले.

त्याला आता वर्ष झाले. प्रतिभा अजून रांजणगावला जाते आणि खराब भाग लाल ट्रेमध्ये टाकते. तिने यंदा पुन्हा त्याच परीक्षेचा अर्ज भरला आहे आणि आम्ही परवा निघणार आहोत. माझा एक पट्टा उसवला होता, तो सुभानचाचांनी शिवून दिला. आता तरी भोके बुजवून देतो, असे ते पुन्हा म्हणाले, आणि प्रतिभाने नको म्हणून सांगितले.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, असे तुम्हांला सगळेच सांगतात आणि ते खरेच आहे. मी एवढीच विनंती करते की मळलेली वस्तू पाण्यात घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात एकदा द्या. मग खुशाल धुवा.

आज सकाळी आबांनी मला खुंटीवरून काढले. बाभळीचा एक काटा घेऊन ते ओसरीवर बसले आणि माझ्या बाराही भोकांतली धूळ, कोळ्याची जाळी, सगळे काढत राहिले. या कप्प्यात यंदाही पीठच असणार, हे मी त्यांना सांगू शकत नाही. प्रतिभानेही सांगितले नाही. ती शेजारी बसून बघत होती.

"आतल्याला वारा लागला पायजे," आबा म्हणाले, आणि त्यांनी पुढचे भोक हातात घेतले.