अंगठ्याला गडद रंग

खारूने पहिल्यांदा हात ओढून मांडीवर घेतला, तेव्हा मावशी म्हणाली होती, "माझ्या नखांना रंग? आधी कोळशाला पावडर लावून बघ, मग माझ्याकडे ये."

पण खारू ऐकणारी नव्हती. ती मावशीच्या बहिणीची मुलगी. खरं नाव वेगळं, पण लहानपणी तुरुतुरु पळायची आणि हाताला लागेल ते गादीखाली साठवायची म्हणून घरात खारूताई, आणि पुढे 'ताई' म्हणायचा कंटाळा आला म्हणून नुसती खारू. विशी उलटली तरी साठवायची खोड काही गेली नाही. फक्त बुचं आणि रिबिनी जाऊन नेलपॉलिशच्या बाटल्या आल्या. त्याही कसल्या, तर दुकानाच्या दारातल्या टोपलीत लोळणाऱ्या, ज्यांच्याकडे बघून शहाणी बाई नाक मुरडून पुढे जाते. खारूचं म्हणणं असं, की महागड्या बाटल्यांचे गोडवे गायला सगळं जग बसलंय, या बिचाऱ्यांची बाजू कुणी घ्यायची?

मग ती त्यांना गुण द्यायची आणि मोबाईलवर व्हिडिओ टाकायची. लवकर सुकते का, एका थरात नख झाकते का, वासाने डोकं उठतं का, सगळ्याला दहापैकी गुण. आणि सगळ्यात मोठा विषय म्हणजे टिकते का. तुमच्याआमच्यासारख्या बायका ते व्हिडिओ बघायच्या आणि त्याप्रमाणे टोपलीत हात घालायच्या.

टिकण्याची परीक्षा स्वतःच्या नखांवर घेण्यात अर्थ नव्हता. खारू एका कुरिअरच्या ऑफिसात फोन उचलायची. तिथे रंगाला धक्का लागतोच कुठे? मावशीचे हात मात्र लाँड्रीतले. दिवसभर हॉटेलांच्या चादरी, गरम पाणी, सोडा, खळ आणि वाफेची प्रेस. त्या हातांवर आठवडा काढला म्हणजे बाटली पास. म्हणून रविवारी दुपारी दहा बोटांना दहा रंग लागायचे आणि पुढच्या रविवारी निकाल. उजव्या तर्जनीला सगळ्यात जास्त मार बसतो, तिथे टिकला तो खरा गडी. डाव्या करंगळीवर कुणीही टिकेल, त्यात कसली मर्दुमकी?

मावशी कुरकुरत बसायची आणि मनातून तिला हे फार आवडायचं. खोटं कशाला बोला! उभ्या आयुष्यात कुणी तिचे हात असे हातात घेऊन बसलं नव्हतं. लाँड्रीत कपड्यांची तुटलेली बटणं लावणारी बटणवाली रोज सकाळी तिची बोटं बघून खिदळायची, "काय, आज इंद्रधनुष्य ड्युटीवर?" आणि संध्याकाळी घरी जाताना हळूच विचारायची, "तो मोरपंखी कुठल्या टोपलीतला गं? मला चांगला दिसेल का?"

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग तो डाग दिसला.

प्रेसवर चादर ओढताना उजव्या अंगठ्याचा रंग वाफेने सोलला, अख्खा पापुद्रा निघून आला. खाली नखाच्या मुळाशी मसुरीएवढा काळा डाग. मावशीने पदराने पुसला. मग थुंकी लावून चोळला. तो नखावर नव्हता, नखाच्या खाली होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. दुखला असता तर परवडला असता, दुखण्याला निदान कारण असतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईलवर शोधू नये ते शोधलं. मोबाईलचं काय जातं? त्याने दोन मिनिटांत नखाखालच्या काळ्या डागाचं सगळ्यात वाईट नाव काढून समोर ठेवलं. मावशीला डबा काही गेला नाही. बटणवालीने विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

आता कुणी म्हणेल, सरळ डॉक्टरकडे जायचं की बाईने! जायचं, कबूल. पण तिची बहीण, म्हणजे खारूची आई, अशीच दुखणं लपवून वारली होती. काखेत एक गाठ होती तिला. "काही नाही गं, साधी आहे," म्हणत ती पदराखाली झाकत राहिली, आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. खारू तेव्हा शाळेत होती. दोन वेण्या, एक मोजा खाली आलेला, अशी ती मावशीच्या दारात आली आणि तिथेच राहिली. त्या पोरीला आता परत तेच दाखवायचं? मावशीला ती कल्पनाच सहन होईना. आणि माणसाची गंमत बघा, बहिणीच्या ज्या चुकीवर ती इतकी वर्षं मनातल्या मनात चिडली होती, तीच चूक तिने स्वतः जशीच्या तशी केली. घरी गेल्यावर खारूच्या खोक्यातली काळपट मरून बाटली काढली आणि अंगठा झाकून टाकला.

त्या रविवारी ती आधीच म्हणाली, "अंगठ्याचं मी केलंय. तू बाकीची नऊ घे."

एरवी या पोरीने एका नखासाठी घर डोक्यावर घेतलं असतं. नऊ बोटांत दहा बाटल्या बसवायच्या कशा म्हणून वाद घातला असता. पण ती "बरं" म्हणाली आणि करंगळीपासून सुरुवात केली. मावशीने सुटकेचा श्वास टाकला.

पुढे हे रोजचंच झालं. अंगठ्याचा रंग मावशीने काढायचाच सोडून दिला. कुठे उडाला की वरून दुसरा थर, विटकरीवर जांभळा, जांभळ्यावर शाईसारखा निळा. एकदा कामावरून आल्यावर खुर्चीत तिचा डोळा लागला आणि जाग आली तर अंगठा ओला, ताजा रंगवलेला. खारू समोर बसून बाटलीचं झाकण लावत होती.

"निघाला होता गं, लावून टाकला," ती म्हणाली आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. मावशीने तिचा चेहरा निरखला होता. काही नव्हतं त्यावर. उलट दुसऱ्या दिवशी ती नवीन बाटली घेऊन आली, काळ्याला लाजवेल अशी गडद. "हा अंगठ्याला ठेव. एका थरात सगळं गडप."

भाबडी आहे पोर, मावशीला वाटलं. बरंच आहे.

पण झाकलं म्हणजे संपलं असं थोडंच असतं? प्रेसवर उभं राहिलं की मावशीच्या डोक्यात तेच. आपण गेलो तर हिचं कोण? हिला धड कुकर लावता येत नाही. कपाटाची किल्ली अडकते, ती कशी फिरवायची हे हिला माहीत नाही. हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींच्या घड्या घालताना तिचे डोळे भरून यायचे आणि ती ते सोड्याच्या वाफेवर ढकलायची.

असे दोन-अडीच महिने गेले. मग एका रविवारी खारू मोबाईल बघत म्हणाली, "बायका मागे लागल्यात. म्हणे ऑफिसात रंग चालत नाही, स्वस्तातलं बिनरंगाचं सांग. पाण्यासारखं, नुसती चमक. या आठवड्यात सगळ्या बोटांना पारदर्शकच लावायचं."

मावशीने अंगठा मुठीत घेतला. "नको बाई. त्यात काय बघायचं?"

"बघायला येतात ना बायका."

"मग माझा अंगठा सोडून लाव. मला तो रंग... सवय झालीये."

"हो हो, अंगठा राहू दे," खारू घाईघाईने म्हणाली. "अंगठ्याला हात नाही लावायचा."

इतकं बोलून तिने मान खाली घातली आणि बाटल्या लावायला लागली. लावलेल्याच पुन्हा लावायला लागली. मावशी तिच्याकडे बघत राहिली. व्हिडिओत एक बोट वेगळं दिसलं तर बायका नावं ठेवतील हे या पोरीला कळत नव्हतं? बाटलीचं लेबल तिरकं असलं तरी पुन्हा शूटिंग करणारी ही!

"खारू, इकडे बघ."

खारूने बघितलं नाही.

"बघ म्हणते ना. तुला माहितीये?"

"काय माहितीये?" खारूचा आवाज फाटला. "तुला माहितीये?"

आणि मग ती पोर अशी रडली, तशी आई गेली तेव्हा शाळेच्या दोन वेण्यांतसुद्धा रडली नव्हती. तू झोपली होतीस, ती हुंदके देत सांगत होती, अंगठ्याच्या रंगाचा टवका उडाला होता, मला तो डाग दिसला. मला वाटलं तुला दिसलाच नाहीये. तुला दिसला तर तू घाबरशील, आईचं सगळं आठवेल तुला, म्हणून मी रंग लावून टाकला. रोज ठरवायचे की उद्या सांगते, उद्या सांगते, आणि दुकानातून अजून गडद बाटली घेऊन यायचे.

"म्हणजे मी तुझ्यापासून लपवतेय," मावशी म्हणाली, "आणि तू माझ्यापासून."

"तू का लपवलंस?"

"तू घाबरशील म्हणून."

एकाच अंगठ्यावर दोघी थर चढवत होत्या. मावशीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने खारूला जवळ ओढलं आणि दोघी घट्ट बसून राहिल्या, बाटल्यांच्या पसाऱ्यात.

सोमवारी मावशीने लाँड्रीत निरोप धाडला आणि दोघी कातडीच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण बाई होती. तिने अंगठा दिव्याखाली धरला आणि कापसावर रिमूव्हर घेऊन पुसायला घेतला. सगळ्यात वरचा काळाकुट्ट निघाला, मग निळा. कापूस बदलला. जांभळा निघाला. मग विटकरी, मग मरून. कचऱ्याच्या डब्यात रंगीत बोळ्यांचा ढीग लागला.

"हे काय, भिंतीचं रंगकाम चाललंय का?" डॉक्टर म्हणाली.

मावशीने डोळे मिटून घेतले होते. दुसरा हात खारूने इतका दाबून धरला होता, की बोटं बधिर झाली होती. डॉक्टरने भिंग लावलं. ती ते नखावरून सावकाश फिरवत होती, आणि तेवढ्या वेळात मावशीने मनातल्या मनात कपाटाची किल्ली तीनदा फिरवून दाखवली.

"अंगठ्यावर काही आपटलं होतं?"

"लाँड्रीत काम करते मी. तिथे रोजच काहीतरी आपटतं. कुठलं म्हणून सांगू?"

"त्यातलंच एखादं असेल. डोळे उघडा, आणि हे बघा." डॉक्टरने मुळाकडे बोट दाखवलं. "इथे नख स्वच्छ आलंय, अगदी गुलाबी. डाग पुढे सरकलाय. नखाखाली रक्त साकळलं होतं, ते नखाबरोबर पुढे चाललंय. वाईट काही असतं तर ते मुळाशीच राहिलं असतं, असं निघून चाललं नसतं. काही महिन्यांत नखाबरोबर कापून टाकाल. घाबरायचं काही कारण नाही."

मावशीने बघितलं. डाग खरंच मुळाशी नव्हता, मधोमध आला होता. मागे कोवळं, नवं नख.

"म्हणजे..." तिने अंगठा डोळ्यांजवळ आणला.

"म्हणजे नुसतं उघडं ठेवून बघत राहिला असतात, तर घरीच कळलं असतं," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही रंग लावत बसलात. महिन्याने एकदा दाखवून जा, आणि तोवर अंगठा मोकळा ठेवा. पुढच्या वेळी मात्र काही दिसलं तर असं थांबू नका."

मावशी बाहेर रस्त्यावर आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत! छातीवरचा दगड उतरला की माणूस थोडा वेडा होतोच. इतके महिने चोरून बसलेला श्वास एकदम सुटला होता आणि ती तो पोटभर घेत होती.

खारू मात्र चिडली होती. सुटका झाली की राग येतो, तसा. "आता यापुढे काहीही झालं तरी मला सांगायचं. काहीही. मी लहान नाहीये."

"आणि तू मला."

"मी पण."

"मग ऐक," मावशी म्हणाली. "माझा डावा गुडघा दुखतो. जिना चढताना देव आठवतो."

"हे कधीपासून?"

"खालच्या दाढेला कीड लागलीये. लांबचं मला नीट दिसत नाही, बसचा नंबर मी बटणवालीला विचारते. तुझा तो पोपटी रंग मला अजिबात आवडला नव्हता, उगाच चांगला म्हणाले."

"मी त्याला नऊ गुण दिले तुझ्यावर विश्वास ठेवून!"

"तू सांग आता."

खारू पायरीवर तिच्या शेजारी बसली. "ऑफिसातल्या साहेबाला मी उलट बोलले, तो मला काढेल असं वाटतंय. तुझा निळा कप मांजराने नाही फोडला, मी फोडला."

"ते माहीत होतं."

समोरून एक पाण्याचा टँकर गेला. मावशीने आपला उघडा अंगठा उन्हात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. मग ती खारूकडे न बघता म्हणाली, "अजून एक आहे. झोपताना तुझ्या खोलीचं दार लावून घेत जाऊ नकोस. तुझं घोरणं ऐकू आलं की मला झोप लागते."

"मी घोरत नाही."

"घोरतेस. चांगली घोरतेस."

"काहीही काय!"

"तुझी आईपण अशीच घोरायची," मावशी म्हणाली. "आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो. मी तिला लाथा मारायचे."

आई गेल्यापासून तिच्याबद्दल असं काही या दोघींत कधी बोललं गेलं नव्हतं. खारूने मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "अजून सांग," ती म्हणाली.